सातव्या बाटलीतलं पाणी

पुणे,
११ ऑगस्ट २०२४

ती. आप्पाराव मामांना,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. मग मामी मध्ये उभी राहून माझं एकेक वाक्य ओरडून सांगते आणि रसायनशास्त्राचं पार भरीत होतं. म्हणून लिहून कळवतेय.

२०२१ चा पावसाळा आठवतो ना? आमची इथली प्रयोगशाळा कोरोनाने बंद, मी गेवराईला आईकडे अडकलेली, आणि तुम्ही प्राचार्यांना गळ घालून मला जुन्या कॉलेजच्या रसायनशाळेची किल्ली मिळवून दिलीत. मी वेगवेगळ्या प्रमाणांच्या बारा पुड्या वजन करून ठेवल्या आणि त्याच दुपारी पुण्याहून फोन आला, उद्या हजर व्हा. मग कृती एका कागदावर लिहून तुमच्या हातात दिली आणि गाडी पकडली. दोन महिन्यांनी तुम्ही बारा बाटल्या खोक्यात नीट बसवून पाठवल्यात. अकरांत नुसतं गढूळ पाणी होतं आणि सातवीत खडे होते, खडीसाखरेसारखे स्वच्छ.

त्या खड्यांवर माझा लेख झाला, पण आत काय होतं ते तुम्हाला कधी धड सांगितलं नाही. लग्नाचा मांडव डोळ्यांपुढे आणा. बांबू जिथे एकमेकांना भेटतात तिथली गाठ म्हणजे जस्ताचा अणू, आणि मधला बांबू म्हणजे सेंद्रिय रेणू. एका मांडवाला लागून दुसरा, वर, खाली, बाजूला, खड्याच्या कडेपर्यंत तसाच. याला आम्ही कोऑर्डिनेशन पॉलिमर म्हणतो. खड्यावर एक्स-रे सोडले की कोण कुठे बसलंय ते ठिपक्यांवरून काढता येतं. आपल्या खड्यात दोन-दोन जस्तांच्या मध्ये एक छोटा पूल निघाला, ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा. त्या पुलामुळेच लेखाला किंमत आली.

आता आमच्याकडे स्वप्नाली नावाची नवी मुलगी आली आहे, मांजरसुंब्याची. वडिलांचा तिथे ढाबा आहे. ती तेच खडे पुन्हा करून बघते आहे, नुसता सोपस्कार म्हणून. तेव्हा म्हटलं तुम्हाला विचारावं, तेव्हा काही वेगळं केलं होतंत का? पाणी कुठलं घेतलं, बाटल्या कुठे ठेवल्या, काहीही.

आणि हो, लेखाच्या शेवटी तुमचे आभार मानले आहेत. नाव छापून आलंय तुमचं.

तुमची,
राजनंदिनी


चकलांबा,
१७ ऑगस्ट

चि. राजनंदिनीस,
अनेक आशीर्वाद.

हाताने लिहिलेलं पत्र कैक दिवसांत आलं नव्हतं, म्हणून पोस्टमन ते स्वतः वस्तीवर घेऊन आला आणि कुणाचं, कुणाचं करत चहा पिऊन गेला.

तू विचारलंस म्हणून सांगतो. सगळं तुझ्या कागदाबरहुकूम केलं. पाणी डिस्टिलच, आपल्या यंत्रातून काढलेलं, काचेच्या बरणीतलं. एकतीस वर्षं रसायनशाळेत परिचर म्हणून काढली, हजारो पोरांना डिस्टिल वॉटर दिलं, आणि घरच्या भाचीला नळाचं देईन होय? बाटल्या वजनकाट्याच्या खोलीत, कपाटात, कुलूप लावून. तुझ्या त्या मांजरसुंब्याच्या मुलीला सांग, बाटली रोज उचलून बघत जाऊ नको. खड्याला निवांतपणा लागतो.

आता माझं ऐक. नाव छापून आलं हे तू आज सांगतेस? तुझ्या मामीला, भामाबाईला, मी तेवढं वाक्य दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता तरी ह्यांचं पाय जिमिनीवर ऱ्हातील का न्हाई कुणास ठावं." गेवराईला गेलो तेव्हा स्टँडसमोरच्या हॉटेलात सांगितलं. तिथे कॉलेजचा शिपाई बसला होता, त्याने नव्या प्राचार्यांच्या कानावर घातलं. पाच सप्टेंबरला माझा सत्कार ठरलाय. शिक्षकदिनी परिचराचा सत्कार, आपल्या कॉलेजात पहिल्यांदाच होतोय. तुझी आई वनमालाही येणार आहे.

ते छापील पान तेवढं लवकर पाठव. काचेत बसवून घेतो.

तुझा,
आप्पाराव मामा


पुणे,
२८ ऑगस्ट

ती. मामांना,
सा. न.

उत्तराला उशीर झाला. पान पाठवणार होते, पण इथला प्रिंटर बिघडलाय. सत्काराचं मात्र नीट विचार करून ठरवा. गर्दीत तुमच्या कानाच्या मशीनची शिट्टी वाजते, तुम्हाला त्रास होतो. नको म्हणून सांगितलंत तरी चालेल. एवढ्या-तेवढ्यासाठी सत्कार कशाला?

मागच्या पत्रात स्वप्नालीचं "सोपस्कार" असं लिहिलं, ते खरं नव्हतं. ती आठ महिने तेच एक काम करते आहे. पन्नासेक बाटल्या झाल्या असतील, एकीतही खडा नाही. परवा सगळ्यांसमोर आमचे मार्गदर्शक सर तिला म्हणाले, "तुझ्या हातात स्वच्छता नाही. ढाब्यावरची सवय इथे चालत नाही." सात ऑक्टोबरला आढावा बैठक आहे. तोवर खडे आले नाहीत तर तिला घरी पाठवणार.

ती बाहेर येऊन मला म्हणाली, "ताई, तुमच्या हाताला काय तरी हाय, त्ये माज्या हाताला न्हाई बगा." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काही केलं नाही.

पाण्याचं पुन्हा एकदा आठवून बघाल का?

राजनंदिनी


चकलांबा,
८ सप्टेंबर

चि. राजनंदिनीस,
आशीर्वाद.

काल गणपती बसले. घरात पाहुणे आहेत, म्हणून गोठ्यात बसून लिहितो आहे.

पाच तारखेचं तुला आईकडून कळलं असेल. नसेल तर मीच सांगतो, म्हणजे कुणी तिखटमीठ लावून सांगायला नको. हॉल भरला होता. वनमाला पुढच्या रांगेत, तिच्या शेजारी भामाबाई, नवं लुगडं नेसून. प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला. मग रसायनाचे नवे प्राध्यापक हौसेने उठले आणि म्हणाले, तो लेख आपण सगळे मिळून बघू. त्यांनी कॉम्प्युटरवर तुझं नाव टाकलं. लेख पडद्यावर आला, भिंतीएवढा. सगळेजण आप्पाराव शोधायला लागले. वर नाही, खाली नाही. शेवटी आभार होते. त्यात यंत्रांचे होते, निधी देणाऱ्यांचे होते, इंग्रजी तपासणाऱ्या एका बाईंचे होते. मला ऐकू जावं म्हणून प्राध्यापक मोठ्यांदा म्हणाले, "मामा, तुमचं नाव तर कुठंच दिसंना."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी शाल काढली, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली. नारळही ठेवला. भामाबाई विचारत होती, "काय झालं? अवो, काय झालं?" मला ऐकू येत होतं, पण येत नसल्यासारखं केलं आणि तिच्या पुढे चालायला लागलो.

पण मी तुझ्यावर रागावलो नाही. घरी पोचेपर्यंत माझ्या ध्यानात आलं. तुला पाण्याचं कळलंय. म्हणून तू नाव काढलंस, आणि मामाची लाज राखायला "छापून आलंय" असं लिहिलंस. पाणी कुठलं म्हणून दोनदा विचारलंस, तेव्हाच मी ओळखायला पाहिजे होतं. तू मला बोलायची संधी देत होतीस आणि मी एकतीस वर्षांच्या बढाया मारत बसलो.

तर आता ऐक. कोरोनात कॉलेज बंद होतं आणि डिस्टिलच्या यंत्राची कॉइल जळलेली होती. बरणी कोरडी. तुझा कागद हातात, बारा पुड्या समोर. डिस्टिल वॉटर संपलं, असं सांगायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. कॉलेजात मला कुणी आप्पाराव म्हणून ओळखत नसलं तरी पाणीवाले मामा म्हणून सगळे ओळखायचे. मग मी आमच्या वस्तीवरच्या बोअरचं पाणी घेतलं. दोन हंडे चुलीवर आटवून एक केला. वाटलं, जेवढं आटेल तेवढं शुद्ध होईल. भामाबाईच्या धुतलेल्या लुगड्याच्या चौपदरी फडक्यातून गाळलं, बरणीत भरलं, आणि रजिस्टरला "डिस्टिल वॉटर" लिहून सही ठोकली.

बाटल्याही कॉलेजात नव्हत्या. हायवेने वाळूचे हायवा ट्रक जातात तेव्हा तिथली तावदानं थरथरतात. म्हणून मी त्या घरी आणून ज्वारीच्या कणगीत पुरल्या. आत गारवा एकसारखा असतो. तुझे खडे कणगीत झाले, पोरी.

माझ्यामुळे लेख नासला असेल तर तसं स्पष्ट लिही. आणि ती परक्याची लेक माझ्यापायी बोलणी खात असेल, तर माझ्या गळ्यात शाल नाही, जोड्यांची माळ पाहिजे. मला फार लाज वाटते.

आप्पाराव


पुणे,
१३ सप्टेंबर

ती. मामा,

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात बसून वाचलं. मामा, मला पाण्याचं काहीही माहीत नव्हतं.

लेख लिहिताना सरांनी विचारलं, खडे कुणी वाढवले? मी म्हणाले, मी. कुठे? इथेच. एवढंच. गेवराईच्या कॉलेजात, एका परिचराच्या हातून, असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. इथले सगळे मोठमोठ्या संस्थांमधून आलेले. पहिल्या वर्षी माझ्या तोंडून चुकून "न्हाई" गेलं तर आठवडाभर मला त्यावरून चिडवायचे. मला वाटलं, परिचराचं नाव घेतलं तर खड्यांनाही कुणी खरं मानणार नाही. तुमच्या नावाची मला लाज वाटली, मामा. आहे ते हेच आहे. माझ्या खोट्यात तुम्ही चांगुलपणा शोधून काढलात. तो तिथे नव्हता.

आईने पाच तारखेला रात्री फोन केला होता. मी तिला म्हणाले, छापणाऱ्यांची चूक असेल. तेही खोटं.

आता पाण्याचं. "आटवून एक केला" हे वाचलं आणि मला एकदम उलगडलं. आटवलं की वाफ जाते, पण पाण्यात जे विरघळलेलं असतं ते खालीच राहतं, दुप्पट होऊन. काही बोअरच्या पाण्यात फ्लोराइड असतं. तो पूल आठवतो का, दोन जस्तांच्या मधला? एक्स-रेला हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. आम्हाला तिथे एक ठिपका दिसला, तो ऑक्सिजन असेल असं आम्ही धरलं आणि हायड्रोजन त्याला हिशेबाने चिकटवला. फ्लोराइड असता तरी ठिपका तसाच दिसला असता, इतके ते सारखे. पूल फ्लोराइडचा असेल तर आमच्या शुद्ध पाण्यात तो बांधला जाणारच नाही. स्वप्नालीने आणखी आठ वर्षं घालवली तरी नाही.

बोअरचं पाणी पाठवाल का? थोडं आटवून, थोडं तसंच.

सरांना अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर लेख मागे घ्यावा लागेल आणि डिसेंबरातली माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा गेली. नाही सांगितलं तर स्वप्नाली गेली. काल तिने मला तिच्या डब्यातलं थालीपीठ दिलं. मी ते खाल्लं.

राजनंदिनी


चकलांबा,
१७ सप्टेंबर

चि. राजनंदिनीस,
आशीर्वाद.

राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. दोन दिवस भामाबाईशीही धड बोललो नाही. तिने विचारलं, "पोरीनं काय लिवलंय?" मी म्हटलं, अभ्यासाचं आहे. तिला सगळं सांगणं माझ्याने झालं नाही.

मग विचार केला. तुला माझ्या हुद्द्याची लाज वाटली, पण मलाही माझ्या कोरड्या बरणीची लाज वाटलीच होती, म्हणून तर खोटी सही केली. तेव्हा तुला बोलायला मला तोंड नाही. आज मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन होतं, गेवराईला गेलतो. ते प्राध्यापक समोरून आले. मी उगाच चपलेचा अंगठा नीट करत खाली वाकून राहिलो, ते जाईपर्यंत.

दोन कॅन पुण्याच्या ट्रॅव्हल्सने पाठवले आहेत. एक आटवलेलं, एक तसंच. या वेळी चिठ्ठीवर खरं लिहिलंय, "बोअरचं पाणी, आप्पारावांची वस्ती", आणि खाली सही.

सोबत तुझ्या सरांच्या नावे एक पत्र आहे. पाकीट उघडं ठेवलंय, वाचून बघ. पाणी मी बदललं, रजिस्टरला खोटं मी लिहिलं, मुलीला काही माहीत नव्हतं, एवढंच आहे त्यात. एकही शब्द खोटा नाही. आता माझं काय जायचं राहिलंय? नोकरी संपली, शाल परत केली. ते दे, त्या मुलीलाही वाचव आणि तुझी परीक्षाही दे.

मामा


पुणे,
९ ऑक्टोबर

ती. मामांना,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. क्रमाने सांगते.

पाणी मिळालं त्याच दिवशी मी दोन्ही कॅन स्वप्नालीपुढे ठेवले. कुठलं ते सांगितलं नाही, फक्त म्हणाले, हे वापरून बघ. सातव्या पुडीचं प्रमाण तिला तोंडपाठ होतं. बाराव्या दिवशी सकाळी मी आत शिरले तर ती बाटली उजेडाला धरून उभी होती. "ताई, आलं! आलं बगा!" म्हणत तिने मला मिठी मारली. आटवलेल्या पाण्याच्या सहापैकी पाच बाटल्यांत खडे होते. शुद्ध पाण्याच्या सहाही रिकाम्या.

मग तिने विचारलं, "पाणी कुठलं हाय ह्ये?" आणि मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी तुमाला पयल्यापासून म्हाईत व्हतं, त्ये खडे तुमी केलेच न्हाईत म्हणून?" मी हो म्हणाले. तिने हातातली बाटली जपून खाली ठेवली, हात धुतले आणि बाहेर गेली. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. खुर्चीही पलीकडच्या भिंतीला नेली आहे.

बैठकीला तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं. सर म्हणाले, खडे आले हे छान, पण आठ महिने का येत नव्हते? मी पर्समध्ये हात घातला. पाकीट हाताला लागलं. मामा, मी ते अर्धं बाहेर काढलं होतं. समोर स्वप्नाली खाली मान घालून बसली होती, आपल्याला आता काय ऐकावं लागणार या भीतीने. मी पाकीट आत सरकवलं आणि उभी राहिले. खडे मी वाढवले नव्हते, इथे वाढले नव्हते, ज्यांनी वाढवले त्यांचं नाव मी लाजेपायी लपवलं, हे सगळ्यांसमोर सांगितलं. लेख मागे घ्यायचा ठरलाय. माझी परीक्षा पुढे गेली, कधी ते सांगितलं नाही. स्वप्नाली राहणार आहे. तुमचं पत्र परत पाठवतेय, ते मला लागलं नाही.

आणि खड्याचं तर विचारूच नका! पूल फ्लोराइडचाच आहे. या वेळी एक्स-रेवर न विसंबता खडे विरघळवून चार वेळा तपासलं, चारही वेळा फ्लोराइड. तुमच्या न आटवलेल्या पाण्यातही फ्लोराइड मोजलं. इतकं निघालं की यंत्र चुकलं असं वाटून पुन्हा लावलं. आकडा सोबतच्या कागदावर आहे. जमिनीखालच्या पाण्यातून फ्लोराइड आपल्याआप उचलून एवढी सुबक जाळी विणणारा खडा, ही जुन्या लेखापेक्षा मोठी गोष्ट आहे, असं सरही म्हणाले. नवा लेख स्वप्नालीच्या नावावर निघेल. त्यात तुमचं नाव घालायला सरांनी होकार दिलाय, आभारात नाही, लेखकांत.

मला खूप दिवसांनी हलकं वाटतंय. काल शांत झोप लागली.

तुमची,
राजनंदिनी


चकलांबा,
१५ ऑक्टोबर

चि. राजनंदिनीस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. खरं बोललीस, चांगलं केलंस. त्या मुलीला बोलायला वेळ लागेल, तिचं तिला ठरवू दे. माझ्या नावाचं नंतर बघू.

तुझ्या पत्रात फ्लोराइडचं इतकं कौतुक होतं की मला वाटलं, आपल्या बोअरात एवढं नामी काय निघालंय ते विचारून तरी यावं. म्हणून पत्र आणि आकड्याचा कागद खिशात घालून दवाखान्यातल्या सिस्टरकडे गेलो. बरोबर नात होती, सिदूची मुलगी गंगासागर. दुसरीत आहे. सिस्टरने आकडा वाचला आणि मला पहिलंच विचारलं, "ह्ये पाणी पिता का तुमी?"

मी म्हटलं, "पिता म्हंजी? बोअर पाडला तवापासनं त्येच पितो. समदी वस्ती पिती."

मग ती गंगासागरला म्हणाली, "आ कर बाळा."

तिचे पुढचे दात आत्ता आत्ता नवे आलेत. आले ते पिवळट, त्यांवर तपकिरी पट्टे. सिस्टर म्हणाली, हे त्या पाण्याने होतं. दात आत तयार होत असतानाच डाग बसतो, तो घासून निघत नाही. फार वर्षं प्यायलं तर हाडंही धरतात. भामाबाईला जमिनीवरून उठताना दोघांचा हात लागतो, ते आम्ही वयाचं म्हणत होतो. आमचा बोअर घरचा, त्याचं पाणी कुणी कधी तपासलंच नव्हतं. तपासलं ते तूच.

राजनंदिनी, तुला हे माहीत असणार, तू शिकलेली आहेस. सप्टेंबरच्या पत्रात तू पहिल्यांदा फ्लोराइड लिहिलंस. त्यानंतर खड्याचं लिहिलंस, सरांचं लिहिलंस, मनाला हलकं वाटल्याचं लिहिलंस. पाणी पिऊ नका, एवढी एक ओळ लिहिली नाहीस. मी तुला दोष देत नाही. कॅन भरताना मीसुद्धा माझ्या सहीचाच विचार करत होतो, आणि मागे भामाबाई त्याच बोअरवर घागर भरत उभी होती. आता बोअरला लाल रंग दिलाय. पिण्यापुरतं पाणी सिदू गावातून आणतो.

हे सगळं फोनवर भामाबाईकडून सांगता आलं असतं. पण पुढचं तिच्या तोंडून सांगायची हिंमत नाही, म्हणून लिहितो.

गेलं वर्षभर मी गंगासागरला रोज सकाळी अंगणात उभी करून राखुंडीने दात घासायला लावतो. डाग निघत नाही म्हणून तिला आळशी म्हणतो, घाणेरडी म्हणतो. हिरड्यांतून रक्त आलं तरी म्हणायचो, अजून घास. दसऱ्याला सोनं द्यायला पाहुणे आले, त्यांच्यासमोर ती तोंडभर हसली. मला त्या दातांची लाज वाटली. मी तिला आत नेऊन गालात मारली. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून हसते.

दवाखान्यातून येताना मी तिला सांगितलं, "तुजी काय बी चूक न्हाई माय. त्ये पाण्यानं झालंय."

ती तोंडावर हात धरूनच म्हणाली, "मंग मला मारलं कावून, आबा?"

तुला उत्तर सुचलं तर लिही. मी तिला वाचून दाखवीन.

तुझा,
आप्पाराव